विक्रीसाठी नाही

त्याला कुणी आणत नाही, तो येतो. टू-इन-वनच्या खोक्यात थर्माकोलच्या आडून, मासिकाच्या वर्गणीच्या पाकिटातून, तीन कॅसेटी घेतल्या म्हणून दुकानदाराने पिशवीत सरकवलेला, नाहीतर गणेशोत्सवातल्या तंबोल्याचं उत्तेजनार्थ बक्षीस होऊन. कव्हरवर कुणा गायकाचा फोटो नसतो, कारण एकाचा छापला तर उरलेल्यांचा मान दुखावतो. मग मावळता सूर्य असतो, सतारीचा अर्धा भोपळा असतो, किंवा चित्रकाराला काहीच सुचलं नाही की येतात ती रंगीत वर्तुळं असतात. कोपऱ्यात तिरप्या पट्टीवर ‘मोफत’. आणि पाठीवर, चष्मा लावला तरच दिसेल अशा अक्षरांत, ‘विक्रीसाठी नाही’. आपल्याला किंमत नाही हे पाठीवर गोंदवून घेतलेला हा इसम घरात शिरतो मात्र थाटात. पोटात दहा-बारा दिग्गज घेऊन आलोय, असा त्याचा आव असतो.

संगीत कंपन्यांच्या जगात त्याला सँपलर म्हणतात. भोपाळच्या मराठी घरांतून तो आधी ‘ती फुकटची कॅसेट’ होता, नंतर ‘ती फुकटची सीडी’ झाला.

त्याचा धंदा मध्यस्थाचा. लग्नं जुळवणारे गृहस्थ जसे बारा घरच्या पत्रिका एकाच पिशवीत घेऊन फिरतात, प्रत्येक स्थळाबद्दल बोलताना गोड बोलतात, आणि लग्न जमल्यावर मांडवात त्यांना कुणी ओळखत नाही, तसंच याचं. गाणं आवडलं तर लोक त्या गायकाची कॅसेट घेणार आणि याला विसरणार. नाही आवडलं तर शिव्या याला. कंपनीचा हिशेब सरळ असतो: याच्यावर बुडालेला पैसा बाकीच्यांच्या विक्रीतून वसूल करायचा. इंग्लंडमध्ये सीबीएस कंपनीने १९६८ साली ‘द रॉक मशीन टर्न्स यू ऑन’ नावाची रेकॉर्ड काढली ती याच हिशेबाने. डिलन, लेनर्ड कोहेन, सायमन आणि गारफंकल एकाच तबकडीवर, आणि किंमत १४ शिलिंग ११ पेन्स, म्हणजे नेहमीच्या रेकॉर्डच्या सुमारे निम्मी. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वॉर्नर कंपनीने दोन तबकड्यांचे संच दोन डॉलरला टपालाने पाठवायला सुरुवात केली. तिथून पुढे हळूहळू ती उरलीसुरली किंमतही गळाली आणि हा पुरता फुकट झाला.

पण त्याची वंशावळ यापेक्षा जुनी आहे, आणि ती आपल्याकडची आहे. रेकॉर्डच्या दुकानाच्या दारात ठेवलेला कर्णा हा याचा आजोबा. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीही उभं राहावं, ऐकावं, खिशात हात न घालता पुढे जावं. गदगमध्ये असाच एक मुलगा अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून अस्वस्थ झाला. असं गाणं आपल्याला यायला हवं, या एका ध्यासाने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो घरातून पळाला आणि गुरू शोधत शोधत ग्वाल्हेरपर्यंत पोचला. भीमसेन जोशी घडले त्यात गुरूंचा, रियाझाचा, हट्टाचा वाटा आहेच. पण सुरुवात तीन-साडेतीन मिनिटांच्या एका तबकडीने केली. कुमार गंधर्व लहानपणी तेच करत. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकायच्या आणि हुबेहूब गाऊन दाखवायच्या, त्यावर तर त्यांचं बालपणीचं नाव झालं. भोपाळपासून दीडशेएक किलोमीटरवरच्या देवासला ते १९४८मध्ये येऊन राहिले. तोवर त्यांच्या गळ्यातल्या त्या जुन्या नकला कधीच मागे पडल्या होत्या. तरी पाया त्यातच होता.

ही वंशावळ मी एकदा आमच्या ओळखीच्या एका नानांना ऐकवली. नाना वल्लभ भवनातून, म्हणजे सचिवालयातून, निवृत्त झालेले. मध्य प्रदेश राज्य झालं तेव्हा १९५६ साली नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडच्या कचेऱ्यांबरोबर जी मराठी कुटुंबं भोपाळला आली, त्यांतलं त्यांचं एक. आयुष्य तात्या टोपे नगरच्या सरकारी क्वार्टरात गेलेलं, संध्याकाळ आकाशवाणीला वाहिलेली. भारत भवन १९८२मध्ये उघडल्यापासून तिथली मैफल त्यांनी सहसा चुकवली नाही. फुकटच्या कॅसेटीवर त्यांचं मत ठाम होतं: “सम दोनदा येते. तिसऱ्यांदा यायच्या आत माणूस गायब!”

त्यांच्या मताला या शहराचा आधार होता, हे विसरून चालणार नाही. झिया फरीदुद्दीन डागर भोपाळच्या ध्रुपद केंद्रात शिकवत होते. नुसत्या आलापाला तासभर लागतो, आणि तो लागूच द्यायचा असतो, हे इथे शिष्यांना शिकवलं जात होतं. श्रोतेही त्यातच तयार झाले. अशा गावात चार मिनिटांचा ध्रुपद घेऊन येणाऱ्याचं स्वागत कसं होणार? मी तीन मिनिटांच्या तबकड्यांचा दाखला दिला तेव्हा नाना हसले. म्हणाले, “अहो, खाँसाहेब तीन मिनिटांत गायचे. याला तीन मिनिटांत कापलाय.”

बोलणं मला तेव्हा झोंबलं, पण ते बरोबर आहे. जुन्या तबकडीवर गाणाऱ्याला वेळ माहीत असे. मुखडा कधी घ्यायचा, तान कुठे टाकायची, शेवट कसा बांधायचा, हे सगळं त्या मापात बसवलेलं असे. गौहरजान शेवटी स्वतःचं नावसुद्धा सांगून मोकळी होई, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या माणसांना कोणती कुणाची ते कळायला हवं. म्हणजे तीन मिनिटांत गाणं पुरं, वर सहीही. सँपलरमध्ये मात्र चाळीस मिनिटांचा ख्याल गवयाने आपल्या ठेवणीने गायलेला असतो, आणि त्याच्यावर नंतर कुणीतरी कात्री चालवतो. कात्रीही म्हणता येत नाही. स्टुडिओतला कुणी बोटाने एक खटका हलकेच खाली ओढतो, आवाज बारीक होत जातो आणि गवई तान घेता घेता दूर कुठेतरी निघून जातो. सँपलरच्या स्वभावातली सगळ्यात वाईट खोड ही. तो वाक्य पुरं करत नाही.

दुसरं मत पिपलानीकडचं. तिथे भेलच्या कारखान्यात एक इंजिनिअर काका होते. गाण्याशी त्यांचा संबंध आवाजापुरता. त्यांच्या हातात लहान स्क्रूड्रायव्हर कायम. कॅसेट लावली की टेपरेकॉर्डरच्या झाकणातल्या भोकातून हेडचा स्क्रू केसभर फिरवून बघायचे आणि वरचे सूर उजळले की मान डोलवायचे. बाजारातल्या कॅसेटी कारखान्यात कित्येक पट वेगाने उतरवतात आणि त्या घाईत वरचे सूर मरतात, हे त्यांनी आम्हाला समजावलं होतं. त्यांचा सिद्धान्त असा की फुकटची कॅसेट कंपनीची जाहिरात असते, म्हणून ती चांगल्या फितीवर, जरा सावकाश उतरवत असणार. नाना म्हणायचे, फुकट म्हणजे उरलेल्या फितीवर. दोघांनी एकाच गाण्याची विकतची आणि फुकटची प्रत लावून एक रविवार घालवला. निकाल लागला नाही. काकांना फुकटचीत झांज स्पष्ट ऐकू आली, नानांना विकतचीत तंबोरा. ज्याला जे ऐकायचं होतं ते त्याने ऐकलं, असं मला वाटतं, पण त्या दिवशी मी गप्प बसलो.

तिसऱ्या मताचे लोक ऐकतच नसत. ते कॅसेटकडे कॅसेट म्हणून बघत. साठ मिनिटांची चांगली फीत हातात पडलीय, वरचं गाणं पुसलं की आपली. कंपनीने मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे दात मोडून ठेवलेले असत, म्हणजे कुणी त्यावर दुसरं काही भरू नये. त्या खाचांवर सेलोटेप चिकटवली की बंदोबस्त संपला. भोपाळच्या किती घरांतल्या सँपलरांच्या पोटात आज मुलांच्या बालवाडीतल्या कविता, आजीने म्हटलेली भूपाळी, अमेरिकेतल्या मुलाला पाठवायचं बोलकं पत्र आहे, कोण जाणे. त्या फिती ऐकताना मध्येच कुठेतरी, मूल श्वास घ्यायला थांबलं की, मागचा कुणी उस्ताद अर्धा सेकंद डोकावतो. पूर्ण पुसला जात नाही. मला हे मत तिन्हींत सगळ्यात प्रामाणिक वाटतं. कंपनीने स्वतःच्या कामासाठी दिलेली वस्तू त्यांनी स्वतःच्या कामाला लावली.

आणि कायद्यानेही बहुधा ते चुकले नाहीत. ‘विक्रीसाठी नाही’ ही ताकीद किती खरी, हा वाद अमेरिकेतल्या कोर्टात गेला होता. युनिव्हर्सल कंपनीने प्रचारासाठी लोकांना पाठवलेल्या सीडी एक जण जुन्या बाजारातून गोळा करून इंटरनेटवर विकत होता. कंपनी म्हणाली, सीडी आमच्याच आहेत, आम्ही फक्त ऐकायला दिल्या. अपील कोर्टाने २०११मध्ये निकाल दिला तो कंपनीच्या विरुद्ध. कुणी मागितली नसताना पाठवलीत, परत मागायची सोय ठेवली नाहीत, तर ती ज्याच्या हातात पडली त्याची झाली. वर काय छापलंय त्याने फरक पडत नाही. म्हणजे आयुष्यभर पाठीवर जे वाक्य घेऊन तो फिरला, ते निदान तिथल्या कोर्टाने तरी फोल ठरवलं. त्याची ही एकच मोठी जीत, आणि तीही कंपनी हरली म्हणून.

परदेशात याच्या भाऊबंदांचं बरं चाललं होतं. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने जानेवारी १९७९च्या अंकात कागदासारखी वाकणारी एक तबकडी घातली. त्यात देवमाशांची गाणी. एक कोटी पाच लाख प्रती एका दमात छापल्या गेल्या. एवढ्या प्रती एकदम छापून घेणाऱ्या कलावंताला हात नव्हते, करार नव्हता, मानधन नव्हतं. ब्रिटनमध्ये १९८६ साली एका संगीत साप्ताहिकाने नव्या बावीस बँडची कॅसेट काढली, ‘सी-८६’. पुढे त्या कॅसेटीचंच नाव त्या प्रकारच्या गाण्याला पडलं. पाश्चात्य शास्त्रीय संगीताच्या मासिकांत तर यावरून दोन पंथ झाले. ‘बीबीसी म्युझिक मॅगझिन’ १९९२मध्ये निघालं ते अंकाबरोबर आख्खी रचना देणारी सीडी घेऊन. ‘ग्रामोफोन’ मासिकाच्या सीडीत मात्र महिन्यातल्या निवडक रेकॉर्डिंगांचे तुकडे असत. एकाचे वाचक म्हणत, आम्हाला पुरतं जेवण मिळतं. दुसऱ्याचे म्हणत, एकच पदार्थ पोटभर खाऊन काय करायचं, बाजारात काय काय आलंय ते तर कळू द्या. नानांना ही भांडणं ऐकवली असती तर ते पहिल्या पक्षात गेले असते. मी दुसऱ्यात. शहरातल्या एका वाचनालयात ही मासिकं कधीमधी हाताला लागत. कव्हरवर डिंकाचा चौकोन तेवढा असे. सीडी कुठे गेली हे विचारायचं धाडस कुणी करत नसे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. सँपलरने केलेला खरा गुन्हा कात्रीचा नाही. तो ज्या स्थळांची पत्रिका दाखवत असे, ती स्थळं भोपाळात राहतच नसत.

प्रत्येक गाण्याखाली बारीक अक्षरांत त्या त्या कॅसेटीचा क्रमांक असे. तो चिठ्ठीवर उतरवून न्यू मार्केटला जायचं. दुकानदार चिठ्ठी हातात घेऊन, वरच्या फळीकडे एकदा भक्तिभावाने बघून म्हणायचा, “मंगा देंगे साब, इंदौर से आ जाएगा.” इंदूरहून ती कधी आली नाही. पुढच्या खेपेला इंदूरच्या जागी मुंबई आली. त्याचाही दोष नव्हता. एका मारू बिहागसाठी तो पेटी का मागवेल? जागा नव्या सिनेमांच्या कॅसेटींना लागत होती. स्वस्त कॅसेटींची लाट आली होती. त्या बाजारात शास्त्रीय गाण्याच्या वाट्याला कोपऱ्यातली एक फळी, आणि मराठी गाण्याच्या वाट्याला तेही नाही. मराठी हवं तर मे महिन्यात पुण्याला जाल तेव्हा अलूरकरांच्या दुकानातून आणा, नाहीतर येणाऱ्या पाहुण्याला सांगा. पाहुणा चकली आणतो, कॅसेट विसरतो.

पुण्या-मुंबईत सँपलर म्हणजे दुकानाची वाट होती. आमच्याकडे वाट होती, दुकान नव्हतं. म्हणून जे घडलं ते कंपनीच्या हिशेबात बसणारं नव्हतं. लोक चवीसाठी दिलेल्या तुकड्यावरच राहिले. तो तुकडा पाठ झाला. कुठल्या रागानंतर कुठला राग येतो, मधल्या दोन सेकंदांच्या शांततेत कोण खोकतं, दुसऱ्या बाजूचं भजन सुरू होताना फीत किती हलते, सगळं. आजही सतारीची एक विशिष्ट गत संपली की माझे कान लगेच एका ठुमरीची वाट बघतात. त्या दोघांना शेजारी बसवलं ते कुठल्याशा मार्केटिंगवाल्याने, कॅसेटीची बाजू भरायची म्हणून. रागांच्या वेळेचं गणित त्याने पाहिलं नव्हतं, सकाळचा राग रात्रीच्या मांडीला मांडी लावून बसवला होता. नाना त्यावर संतापत. मला ते नातं रक्ताचं वाटतं.

त्याची लबाडी ओळखायलाही आम्ही शिकलो. पहिलं गाणं सगळ्यात मोठ्या नावाचं. शेवटचंही मोठं, म्हणजे फीत संपेपर्यंत माणूस बसून राहील. मधे, तिसऱ्या-चौथ्या जागेवर, कंपनीला पुढे आणायचं असलेलं नवं नाव. दोन बुजुर्गांच्या मधे बसलेला तो नवखा बिचारा कसा आहे हे ऐकायच्या आतच घरातले म्हणत, “हा वशिल्याचा.” गंमत अशी की पुढे मैफलीत जाऊन तिकीट काढून मी ज्यांना ऐकलं, त्यांतले बरेच जण या वशिल्याच्या जागेवरचे. मोठी नावं रेडिओवर होतीच. ती ऐकवून त्याने माझ्यावर काही उपकार केले नाहीत. मी कधी मागितला नसता तो आवाज त्याने ऐकवला, तो त्याचा स्वार्थ म्हणून. पण ऐकवला. माझी आवड काय हे त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याला त्याची पर्वाही नव्हती. आजच्या फोनमधलं यंत्र माझी आवड माझ्यापेक्षा चांगली जाणतं. म्हणूनच ते मला गेली काही वर्षं तीच ती चाळीस गाणी फिरवून फिरवून ऐकवतंय.

फुकट दिलं की लोक खूश होतात, हा समज मोडला तो २०१४मध्ये. सप्टेंबर महिन्यात अ‍ॅपलने यू-टू या बँडचा नवा अल्बम जगभरच्या पन्नास कोटी ग्राहकांच्या खात्यांत परस्पर टाकून दिला. आख्खा अल्बम, तुकडे नाहीत, पैसे नाहीत. लोक भडकले. आमच्या घरात न विचारता आलात कसे? आठवड्याच्या आत अ‍ॅपलला तो काढून टाकायची वेगळी सोय करून द्यावी लागली आणि बँडचा गायक बोनो याने पुढे माफीही मागितली. आमचा सँपलर यापेक्षा शहाणा. तोही न विचारता यायचा, पण उंबऱ्याच्या आत येऊन टीपॉयवर पडून राहायचा. लावलंत तर गाईन, नाहीतर धूळ खाईन. त्या काळातल्या फुकट वस्तूंना एवढी रीत होती.

याउलट चार वर्षं आधी आपल्याकडे इंडियन ओशन या बँडने जे केलं त्याचं लोकांनी मनापासून स्वागत केलं. ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम त्यांनी जुलै २०१०पासून महिन्याला एक गाणं असा इंटरनेटवर मोफत खुला केला. नाव ठेवलं ते करोल बागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ते सराव करत त्याच्या पत्त्याचं. त्यांचे तबलावादक-गायक असीम चक्रवर्ती आदल्या वर्षीच्या डिसेंबरात गेले होते. त्यांचा आवाज त्या गाण्यांत होता. या बँडला मध्य प्रदेशात वेगळाच मान. त्याच्या दहा वर्षं आधी ‘कंदीसा’ या अल्बममध्ये त्यांनी नर्मदेचं लोकगीत घेतलं होतं, ते राहुल राम नर्मदा आंदोलनात खोऱ्यात राहिले तेव्हाचं. होशंगाबादकडचे लोक ते गाणं आपलं म्हणून सांगत. तेव्हा फुकट मिळालेल्या त्या गाण्यांबद्दल इथे कुणी ‘फुकटचं’ हा शब्द वापरलेला मी ऐकला नाही. देणाऱ्याने स्वतः दिलं होतं, मध्ये कुणी बसलेला नव्हता. सँपलरच्या कपाळी हे सुख नाही. तो दुसऱ्यांचं वाटत फिरतो, आणि श्रोत्याला ते पहिल्या मिनिटाला कळतं.

सीडीच्या दिवसांत तर त्याची रयाच गेली. कॅसेटीला निदान पुसून वापरता येई. सीडीचं काय करायचं? स्कूटरच्या मागे चमकायला लावली, बाल्कनीत कबुतरांसाठी टांगली, आणि उरलेल्या कबाड्याने वजनावर घेतल्या. तोही आधी पाकिटाचा कागद वेगळा करून मागायचा, कागदाचा भाव निराळा. आता तो पुरता विदेही झाला आहे. आत्याचा नातू पुण्यात असतो. तो लहान लहान परदेशी कंपन्यांचे सँपलर फोनवर उतरवून घेतो. एकेकात पन्नास-साठ गाणी. त्याला विचारलं, कसे असतात? म्हणाला, “पहिली पाच ऐकतो. उरलेली असू देतो.” “काढून का टाकत नाहीस?” “कधीतरी ऐकीन.” याला ऐकणारे बदलले तरी टीपॉय काही सुटला नाही.

याच नातवाने गेल्या दिवाळीत भोपाळला आला असताना एक उद्योग केला. आत्याकडे ती जुनी कॅसेट अजून आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, गायकाचंही नाही, त्यांचे चाहते माझ्या दारात येतील. पहिल्या बाजूला तिसरा तो मारू बिहाग. सहाव्या मिनिटाच्या आसपास तानेच्या मध्यावर आवाज बारीक होत जाणारा. ज्याची आख्खी कॅसेट आणायला मी न्यू मार्केटचे उंबरे झिजवले, तो. नातवाने ते पूर्ण रेकॉर्डिंग फोनवर शोधून काढलं आणि ब्लूटूथच्या स्पीकरवर लावलं. नाना आता नाहीत, पण इंजिनिअर काका होते. स्क्रू फिरवायला कुठे भोकच नाही म्हणून जरा अवघडून बसले होते. आत्या सोफ्यावर, डोळे मिटून, हाताने ताल धरून.

मुखडा आला. बढत झाली. ती तान सुरू झाली, जिथे आम्ही सगळे वर्षानुवर्षं गवयाला निरोप देत आलो होतो. ती विरली नाही. उलट वर चढली, फिरून समेवर आली, आणि त्यानंतर गवयाने निवांत नवी बढत सुरू केली. मी हरखून काकांकडे बघितलं. काका आत्याकडे बघत होते.

आत्या उठून उभी राहिली होती, पदर खोचत.

“कुठे निघालीस?”

“चहा ठेवते.”

“अगं आत्या, संपलं नाही. अजून अर्धा तास आहे.”

आत्याने स्पीकरकडे एक नजर टाकली.

“माझं झालं,” ती म्हणाली, “त्यांना गाऊ दे.”